पेशकारांची साक्ष

पेशकारांचं नाव निघालं की परभणीतली जुनी माणसं आधी हसतात आणि मग हळहळतात. मी दोन्ही करत नाही. मला अजून राग येतो. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्या घराच्या जागी कुणीतरी औषधांचं दुकान टाकलं, तरी त्या गल्लीतून जाताना माझं तोंड कडू होतं. इथं मी त्यांना अहोजाहो करतोय त्यालाही कारण आहे. हे लिहून झालं की माझी बायको वाचणार आहे.

त्यांचे वडील निजामाच्या राज्यात तहसिलीत पेशकार होते, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारे. हे स्वतः दिवाणी कोर्टात कारकून होते आणि मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसले होते. तरी लोक त्यांनाही पेशकारच म्हणत. नोकरी का सोडली असं विचारलं की सांगायचे, "कोर्टातले पंखे फार खडखड करतात. साक्षीदार काय बोलायलाय ते ऐकू येत नाही. न ऐकता लिहिणं आपल्याला मंजूर नाही." मग त्यांनी घरच्या अंगणात कडुलिंबाखाली कुलर बनवायला घेतले. पांढरा पायजमा, काळी टोपी, कानावर पेन्सिल. पत्रा कापतानाही टोपी काढायचे नाहीत.

मी झरीचा. परभणीत आलो तेव्हा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलली, मग सायकलवरून बल्ब विकले, मग मोंढ्याच्या कोपऱ्यावर टपरी टाकली आणि टपरीचं दुकान केलं. कुणाच्या बापाचा आधार नव्हता. भाव करायला मोंढ्यातच शिकलो. समोरच्या माणसाचं तोंड बघून मी सांगायचो, हा कुठं येऊन थांबणार. पेशकारांनी पहिला कुलर केला त्याच्या आधीपासून मी कुलर विकत होतो, हे परभणीत आज कुणालाही आठवत नाही.

माझा कुलर म्हणजे लोखंडी पत्र्याचा, कपाटाएवढा. चालू केला की समोरच्या पानवाल्याची मान वळायची. खेड्यावरचं गिऱ्हाईक कुलर डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायचं. चारठाण्याच्या एका बागाईतदारानं मला विचारलं होतं, "ह्याचा आवाज येशीपातूर जाईल का?"

"येशीच्या बी पल्याड," मी म्हणालो.

घेतला त्यानं. घरात कुलर आला हे गावाला कळायला नको? आवाज म्हणजे हवा, हा माझा धंद्याचा पाया होता, आणि तो लोकांनीच घातला होता.

वर मी पाच आकड्यांचा रेग्युलेटर द्यायचो. त्या रेग्युलेटरबद्दल लोक काहीबाही बोलायचे. म्हणे एकवर ठेवला तर पंखा नुसता हुंकार देतो आणि जागचा हलत नाही, दोन ते चार सगळं सारखंच, आणि पाचवर भिंतीवरचं कॅलेंडर उडून देवघरात जातं. बोलणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्या काळी परभणीत विजेचा दाब दुपारी एक आणि दिवेलागणीला दुसराच असायचा. दाबच जागेवर नसेल तर रेग्युलेटरनं काय करावं?

पेशकारांच्या कुलरला रेग्युलेटरच नव्हता. एक बटण. चालू नाहीतर बंद. कुणी विचारलं, "हवा कमी-जास्त करायची कशी?" तर म्हणायचे, "तुम्हाला पाय आहेत ना? कमी पाहिजे असली तर लांब बसा. जास्त पाहिजे असली तर जवळ या. पंख्यानं कशाला उठबस करायची?"

असं बोलणाऱ्या माणसाच्या दारात कुणी उभं राहू नये. पण लोक रांग लावायचे. हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मी गिऱ्हाइकावर आवाज चढवला तर ते तरातरा दुसऱ्या दुकानात जातं. पेशकारांनी हाकलून दिलेलं गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या अंगणात हजर.

कोर्ट सुटलं तरी कोर्ट त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. कुलर मागायला आलेल्या माणसाला ते अर्जदार म्हणायचे. अंगणात माणसं बसलेली असताना स्वतःच दारात येऊन पट्टेवाल्यासारखा पुकारा करायचे, "अर्जदार हाजिर आहे का?" मग तुम्ही पुढं जायचं, घरात माणसं किती, दुपारी कोण कुठं बसतं, कोण घोरतं, ते सांगायचं. मनाला आलं तर मंजूर. नाहीतर पुढची तारीख. मी मोंढ्यात घसा फोडून माल खपवायचो, आणि इथं शहाणीसुरती माणसं कुलरसाठी तारखा घेऊन जायची.

मंजूर झालं की ते अर्जदाराच्या घरी यायचे, तेही भर दुपारी. घरातल्या सगळ्यांना आपापल्या जागी बसायला लावायचे, कुलर लावून बघायचे, आणि कानावरची पेन्सिल काढायच्या ऐवजी खिशातून गेरूचा खडा काढायचे. फरशीवर खुणा करायचे. आजोबांचा सांधा धरतो, त्यांची खूण लांब. पाहुण्याची मध्यावर. एका घरात त्यांनी सगळ्यात जवळची खूण स्वयंपाकघराच्या दाराशी केली आणि म्हणाले, "ही सुनेची. ती चुलीपुढून उठून येते." सासू बोलली म्हणे, तर पेशकारांनी कुलर उचलायला माणूस बोलावला. सासू गप. तेव्हापासून परभणीतल्या सुना पेशकारांचं नाव देवासारखं घ्यायला लागल्या.

आणि शेवटी साक्ष. हा त्यांचा खरा तमाशा. कुलर घरी नेण्याआधी अर्जदाराला अंगणात यावं लागायचं. कुलर मध्ये चालू ठेवायचा. अर्जदार एका बाजूला, पेशकार दुसऱ्या बाजूला. मग पेशकार अगदी हळू आवाजात अर्जदाराची निंदा करायचे. अर्जदार चिडला की कुलर पास. कारण त्याला ऐकू आलं. एका वकिलाला ते म्हणाले, "ह्याला दिवाणी आणि फौजदारी यातला फरक अजून कळला नाही." वकील ताडकन उठला. "पास," पेशकार म्हणाले आणि कुलर हातगाड्यावर चढवला. लोक शिव्या खायला जायचे आणि हसत परत यायचे. कुणाला काय ऐकवलं याच्या गोष्टी पानाच्या टपरीवर रंगायच्या, आणि टपरी माझ्या दुकानासमोर. मला दिवसभर ऐकावं लागायचं.

एकदाच ही साक्ष फसली. आमच्या शेजारी एक मास्तर राहायचे, स्वभावानं फार गरीब. पेशकारांनी त्यांना काय काय म्हटलं. मास्तर मान खाली घालून बसलेले. पेशकारांना वाटलं कुलरचा आवाज आड येतोय. त्यांनी कुलर बंद केला, पाती खोलली, मोटारीखालचं रबर बदललं, पुन्हा चालू केला, पुन्हा बोलले. मास्तर तसेच. पेशकार घामाघूम. शेवटी मास्तरीणबाई उठल्या.

"आवो काका, कुलर बरा हाय तुमचा. ह्यांनी समदं ऐकलंय. ते घरी बी असंच ऐकून घेतात."

हा कुलर मास्तरांच्या घरी आला आणि माझ्या घराची वाट लागली.

मला ते कळलं मात्र उशिरा. नामांतराची ती वर्षं होती. माणसं विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे काढत होती, तुरुंगात जात होती, आणि दुसरी माणसं त्या नावाच्या आड उभी होती. अधूनमधून बाजार बंद असायचा. असाच एकदा ऐन वैशाखात बंद होता आणि मी दुपारचा घरी होतो, जे एरवी कधी होत नसे. जेवून पडलो. जाग आली तर घरात कुणी नाही. माझा कुलर बंद केलेला. बैठकीत भट्टी पेटल्यासारखं गरम. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कुठं रिक्षा नाही, भोंगा नाही, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून बायकांचं हसणं ऐकू आलं. त्यातलं एक हसणं माझ्या घरातलं होतं. पण ते मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत दोघी चिंच फोडत बसल्या होत्या. कोपऱ्यात पेशकारांचा लाकडी कुलर, त्याचा आवाज म्हणाल तर झाडाच्या पानांएवढा. फरशीवर गेरूच्या खुणा. मास्तरांची, मास्तरीणबाईंची, पोरांची. आणि एक खूण वेगळी, खिडकीजवळ. तिच्यावर माझी बायको बसली होती.

"ही कुणाची जागा?" मी विचारलं.

"माझी," बायको म्हणाली.

"तुझी? दुसऱ्याच्या घरात?"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "म्या काकांना सांगितलं, रोज शेजारीण येऊन बसती. तर ते परत आले आन त्यांची बी खूण करून गेले. तुमी बी या की आत, भावजी. तुमाला बी देतील करून."

माझं डोकं फिरलं. दुकानात माझे कुलर उतरंडीसारखे रचलेले, घरात एक बैठकीत आणि एक माजघरात, आणि कुलरवाल्याची बायको दुपारी दुसऱ्याच्या हवेत बसते! तीही पेशकारांच्या. बाजारात हे कुणाकुणाला ठाऊक असेल, या विचारानं माझे कान तापले. घरी आल्यावर मी विचारलं, "आपल्या घरी हवा न्हाई का?"

"हवा लय हाय," ती म्हणाली.

"मग?"

"हवाच हाय नुसती." एवढं बोलून ती पीठ मळायला गेली.

मला फार काही नको होतं. माझ्या बायकोनं दुपारी माझ्या घरात, माझ्या कुलरपुढं बसावं. एवढीच माझी मागणी होती, आणि ती मागणी चुकीची आहे असं मला आजही वाटत नाही.

म्हणून मी ठरवलं, पेशकारांचा एक कुलर मिळवायचा, खोलायचा आणि आत काय आहे ते बघायचं. मी स्वतः तर जाऊ शकत नव्हतो. माझा मेव्हणा गंगाखेडला कापसाच्या जिनिंगमध्ये होता. त्याला बोलावलं आणि अर्जदार करून पाठवला. तिथं म्हण, गंगाखेडचं घर आहे, उन्हाचा त्रास होतो, असं पढवलं. तो गेला, बोलला, आणि अर्ज मंजूर झाला. मी मनातल्या मनात हसत होतो. तेवढ्यात पेशकार त्याला म्हणाले, "ठीक आहे. उद्याच्या पॅसेंजरनं मी गंगाखेडला येतो. घर दाखवा."

मेव्हणा घाबरला. त्याच्या घरात तेव्हा माझाच कुलर होता. तो म्हणाला, "न्हाई, न्हाई, घर इथंच हाय. परभणीत. बहिणीचं."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी आमच्या दारात छत्री मिटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पुकारा, "अर्जदार हाजिर आहे का?"

मी माजघराच्या दाराआड होतो. मेव्हणा पुढं झाला. पेशकार बैठकीत आले, त्यांनी माझ्या पत्र्याच्या कुलरकडं बघितलं, त्याच्या पाठीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "हा तर आमच्या कारखानदारांचा माल." मला ते कारखानदार म्हणायचे. बाजारात मला कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. "अर्जदार, खरं बोला. घर कुणाचं?"

मेव्हण्यानं मान खाली घातली. मला बाहेर यावं लागलं.

"माझं," मी म्हणालो. "काय म्हणणं हाय?"

"काही नाही. बसा," पेशकार म्हणाले. माझ्याच घरात मला बसायला सांगितलं. आणि मी बसलो, हे मला अजून लागतं.

बायको पाणी घेऊन आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पाणी घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "या घरात दुपारी कोण कुठं बसतं?"

"हे दुकानात बसतात," ती म्हणाली. "आले तर तिथं, खुर्चीवर. पोरं शाळेतून आली की माजघरात."

"आणि आपण?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "मी शेजारी बसते."

मेव्हणा खाकरला. पेशकारांनी गेरूचा खडा काढलाच नाही. त्यांनी माझा कुलर चालू करायला सांगितला, तोही पाचवर. मला माझ्या खुर्चीत बसवलं. मग तिला कुलरच्या पलीकडं सतरंजीवर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून तिच्यासमोर बसले. आणि बोलायला लागले.

मला काही ऐकू येईना. माझा कुलर घोंघावत होता, कॅलेंडर फडफडत होतं, आणि त्या पत्र्याच्या वरून मला फक्त दोन तोंडं दिसत होती. आधी पेशकार काहीतरी बोलले. ती हसली. पदर तोंडाला न लावता हसली. मग ती बोलायला लागली. बोलतच राहिली. हात हलवून, दाराकडं दाखवून, एकदा माझ्याकडं मान करून. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि माझ्या बायकोला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा बघत होतो. ती बोलत होती त्या काळ्या टोपीशी.

"काय म्हणायलाव?" मी ओरडलो.

त्यांना माझं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडलो. मेव्हणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, बंद करू का कुलर?" मी म्हणालो, "हात लावू नको." बंद केला असता तर मला ते ऐकायची घाई झाली आहे असं दिसलं असतं.

थोड्या वेळानं पेशकार उठले, त्यांनी स्वतःच कुलर बंद केला आणि छत्री उचलली.

"नामंजूर," ते म्हणाले.

"काहून?" मी पुढं झालो. "तुमचा भाव सांगा. ह्याच्या दुप्पट बोला. मोटार माझ्याकडची घ्या, लाकूड मी देतो, नुसतं बसवून द्या."

"कारखानदार," ते म्हणाले, "इथं दावा पंख्याचा नाही. दावा दुसरा आहे आणि तो माझ्या कोर्टात चालत नाही." आणि भर उन्हात निघून गेले.

मी बायकोला विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काई न्हाई."

"आन तू एवढं काय सांगायलीस?"

"काई न्हाई म्हटलं ना."

त्या दिवसापासून तिनं शेजारी जाणं बंद केलं. मला वाटलं, जिंकलो. पण दुपारी ती माझा कुलर बंद करायची, दार उघडं टाकायची आणि उंबऱ्यात बसून हातपंख्यानं वारा घ्यायची. येणाराजाणारा बघायचा. कुलरवाल्याची बायको उंबऱ्यात बसून हातानं वारा घेतेय! टपरीवरचा पानवाला मला म्हणाला, "शेट, वहिनीसाहेबांना एखादा कुलर द्या की हप्त्यानं." त्याच्या टपरीवर मी नंतर वर्षभर पान खाल्लं नाही.

पुढचा हिवाळा मी दुकानाच्या मागच्या पडवीत घालवला. पत्रा टाकून दिला, लाकूड घेतलं. मोठी मोटार टाकून लहान घेतली. पाती कानशीनं घासली, पुन्हा पुन्हा लावून बघितली. पेशकारांचं बघून केलं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं समोर येऊन म्हणावं. मी त्यांच्या कुलरच्या आत कधी डोकावलोही नव्हतो. वेग एकच ठेवला, कारण तोच वेग बरा होता. रेग्युलेटर मात्र मी काढला नाही. गिऱ्हाइकाला हातात फिरवायला काहीतरी लागतं. बाहेर आकडे, आत वायर जोडलेली नाही. लोक तो एकवरून पाचवर नेतात आणि म्हणतात, आता कसं गार वाटायलंय. हे पेशकारांना जन्मात सुचलं नसतं.

कुलर तयार झाला तेव्हा मी तो आधी घरी न्यायला पाहिजे होता. पण नेला पेशकारांच्या अंगणात. हातगाड्यावर घालून, सगळ्या बाजाराच्या देखत. मला त्यांच्या तोंडून शिवी ऐकायची होती. माझ्या कुलरच्या पलीकडून, स्पष्ट.

ते लिंबाखाली बाजेवर पडले होते. फार वाळले होते. टोपी उशाशी. मला बघून त्यांनी टोपी घातली.

"अर्जदार हाजिर आहे," मी म्हणालो.

ते हसले. कुलर चालू केला. मी एका बाजूला बसलो, ते बाजेवरच कुशीवर वळले. अंगणात दोनचार माणसं होती, ती जवळ सरकली. मी मनाची तयारी केली होती. हमाल म्हणतील, ठग म्हणतील, चोर म्हणतील. काहीही म्हणाले तरी मी चिडणार होतो, पास व्हायचंच होतं. पेशकारांनी आधी कान देऊन पात्यांचा आवाज ऐकला. मग अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या बायकोनं मला सांगितलं की..."

आणि थांबले.

मी बाजेपर्यंत कधी पोहोचलो मला कळलं नाही. "काय सांगितलं? बोला! काय सांगितलं तिनं?"

"पास," पेशकार म्हणाले.

माणसं खो खो हसली. मी त्यांचा हात धरून विचारलं, दरडावून विचारलं, गोडीनं विचारलं. त्यांनी टोपी काढली, उशाशी ठेवली आणि डोळे मिटून घेतले. पुन्हा गेलो तेव्हा मुलानं त्यांना औरंगाबादला दवाखान्यात नेलं होतं. तिथून ते परत आले नाहीत.

बायको आता घरात बसायला लागली. माझ्या नव्या कुलरपुढं, दार लावून. मास्तरीणबाईही चिंचेची टोपली घेऊन इकडंच यायला लागल्या. मला पाहिजे होतं ते मला मिळालं. धंदाही वाढला. खेड्यावरच्यांनाही आता बिनआवाजाचाच पाहिजे होता. पण गिऱ्हाईक दुकानात शिरताना विचारायचं, "पेशकारी कुलर हाय का?" माझं लाकूड, माझी मोटार, माझा घाम, आणि नाव त्यांचं! मी आधी भांडायचो. दोनतीन गिऱ्हाइकं घालवली. मग गप्प बसून "हाय" म्हणायला शिकलो. एका नावासाठी मराठवाड्यातली माणसं किती वर्षं झगडली ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. नावात काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नाही.

पण खरं दुखणं ते नाही. घरातला कुलर आता गप्प असतो. मी म्हातारा झालो, दुकान मुलानं घेतलं, दुपारी मीही घरीच असतो. ती समोर बसलेली असते. टाचणी पडली तरी ऐकू येईल. आणि तरी पेशकारांशी ती त्या दिवशी काय बोलली, ते मला ऐकायला मिळत नाही.

मी मोंढ्यातला माणूस. प्रत्येक गोष्टीला भाव असतो असं मानणारा. म्हणून दर उन्हाळ्यात मी भाव करतो. एका वर्षी पाटल्या देऊ केल्या.

"पाटल्या छान हायेत," ती म्हणाली. "पण परवडत न्हाई."

पुढं तिरुपती देऊ केलं, विमानानं. मग तिच्या आईला कायमचं आमच्याकडं आणायचं कबूल केलं, ज्याला मी आयुष्यभर नाही म्हणत आलो होतो. सासूबाई आल्या, राहिल्या, आमच्याच घरी वारल्या. वाक्य मिळालं नाही.

"एवढं काय सोनं लागलंय त्याला?" मी चिडून विचारतो.

"तुमाला आवाज चढवल्याबिगर बोलता येत न्हाई का?" ती म्हणते. "हळू बोला. ऐकू यायलंय मला."

"त्या माणसाला सांगितलंस. मला न्हाई."

"त्यांनी इचारलं होतं."

"मी बी इचारायलोय!"

"तुमी भाव करायलाव," ती म्हणते आणि चष्मा लावून पेपर उघडते.

मागच्या उन्हाळ्यात मी माझा शेवटचा भाव लावला. म्हणालो, दुकानावरची पाटी बदलतो. माझं नाव काढतो, तुझं लावतो. मोंढ्याच्या कोपऱ्यावर, मोठ्या अक्षरात. लोक पेशकारी म्हणणं विसरतील आणि तुझ्या नावानं कुलर मागतील. हे ऐकून तिनं पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती विचारात पडलेली मला दिसली. गिऱ्हाईक कुठं येऊन थांबतं हे मला कळतं. ती थांबली होती.

"आधी लावा," ती म्हणाली. "मग बघू."

मी पेंटर बोलावला. मुलगा कुरकुरला, त्याला गप्प केलं. पाटी चढली. तिला रिक्षानं मोंढ्यात नेलं, रस्त्याच्या पलीकडं उभं केलं. तिनं मान वर करून सगळी पाटी वाचली, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याच रिक्षानं घरी आलो. मी पाणी प्यायलो, कुलर लावला, समोर बसलो आणि म्हणालो, "हं. सांग आता."

"पाटी लय छान झाली," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी जन्मभर बाजारात बसलो. माल हातात पडल्याशिवाय कधी कुणाला एक पैसा सोडला नाही. पाटी मात्र आधी लावून बसलो.